शौचातून रक्त गेलं म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नका

सोयाबीन काढणीच्या घाईत असलेला पन्नाशीचा एखादा शेतकरी घ्या. सकाळी संडासात भांड्यात लाल थेंब दिसतात. घरात सांगायची लाज वाटते. चार दिवसांनी पारावर एका जवळच्याला हळूच विचारतो. तो म्हणतो, "मोड आलेत तुला, उष्णता झाली. तिखट बंद कर अन् ताक पी." तिखट बंद होतं, रक्त थांबतं. महिन्याने परत सुरू होतं. मग मेडिकलमधून चूर्णाची डबी येते. तेवढ्यानं भागत नाही म्हणून बाजाराच्या दिवशी 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' असा बोर्ड लावलेल्या खोलीत जाऊन इंजेक्शन घेतलं जातं. पुन्हा थोडे दिवस बरं. असे सात-आठ महिने निघून जातात. तोवर पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडावी लागलेली असतात आणि विहिरीपासून घरापर्यंत चालत आलं तरी दम लागतो.

शेवटी कुणीतरी मोठ्या दवाखान्यात नेतं. तिथले डॉक्टर हातमोजा घालून बोटाने गुदद्वाराची तपासणी करतात आणि दोन मिनिटांत आत गाठ लागते. आठ महिन्यांत औषधं चार जणांनी दिलेली असतात, पण तपासलेलं एकानेही नसतं.

ही कुणा एका गावातली, एका माणसाची गोष्ट नाही. थोड्याफार फरकाने ती कोणत्याही तालुक्यात सापडेल. रक्त गेलं तर बहुतेक वेळा मूळव्याध किंवा चीरच निघते, हे खरं आहे. फसगत होते ती त्यामुळेच. दहा जणांचं ताकाने भागतं, म्हणून अकराव्यालाही तोच सल्ला दिला जातो.

आधी नेहमीचं काय, ते माहीत हवं

रोज सकाळी एकदा पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर काहीतरी बिघडलं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. डॉक्टर तसं मानत नाहीत. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यात कुठेही माणूस बसत असेल आणि त्रास नसेल तर ते त्याच्यासाठी नेहमीचं. एकाला दोनदा जावं लागतं, दुसऱ्याला दिवसाआड. दोघेही ठणठणीत असू शकतात.

किती वेळा यापेक्षा कसं होतं, हे जास्त सांगतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी शौचाचे सात प्रकार पाडले, त्याचा तक्ता १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज जगभर वापरला जातो. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे हा पहिला प्रकार, निव्वळ पाणी हा सातवा. मधला तिसरा-चौथा, म्हणजे केळासारखा मऊ आणि न कुंथता होणारा, तो चांगला. डॉक्टरांनी "कसं होतं?" असं विचारलं की लाजून "बरं आहे" म्हणण्यापेक्षा खडे, केळ की पाणी, एवढं सांगितलं तरी त्यांना पुष्कळ कळतं.

महत्त्वाचा आहे तो बदल. तीस वर्षं रोज एकदा जाणाऱ्या माणसाला अचानक दिवसातून पाच वेळा जावं लागायला लागलं, किंवा कधी न कोंडणारं पोट आता चार-चार दिवस कोंडतंय, आणि हे तीन आठवड्यांच्या वर चाललंय, तर ते दाखवायला हवं. लग्नाच्या जेवणानंतर दोन दिवस पोट बिघडलं, त्याची गोष्ट वेगळी.

हा बदल लक्षात यायला मात्र शौचाकडे एक नजर टाकावी लागते. अंधारात रानात जाणाऱ्याला काही दिसत नाही, आणि घरात संडास आला तरी बरेच जण न बघताच बादली ओततात. यात किळस वाटण्यासारखं काही नाही. बैल-म्हशीचं शेण पातळ झालं तर शेतकऱ्याच्या लगेच लक्षात येतं, स्वतःचं तेवढं बघायचं राहून जातं.

रक्त कसं दिसतं, त्यावर बरंच ठरतं

मूळव्याधीत शिरा फुगलेल्या असतात. रक्त लालभडक, शौच झाल्यावर थेंबथेंब किंवा पिचकारीसारखं, आणि बहुतेक वेळा दुखत नाही. खाज असते, कोंब बाहेर आल्यासारखा लागतो. चीर पडली असेल तर उलटं. रक्त थोडंसंच, शौचाला एका बाजूने रेघ लागल्यासारखं, पण वेदना अशी की काच फिरवल्यागत. काहींना ती तासभर थांबत नाही. बाळंतपणानंतर बायांना हे दोन्ही त्रास बऱ्याचदा होतात. गुदद्वाराशेजारी फोडासारखं होऊन पुन्हा पुन्हा पू वाहत असेल तर ते भगंदर.

पावसाळ्यात नवीन पाणी आलं की आव पडते. पोटात मुरडा, शेंबडासारखी आव आणि त्यात रक्त, कधी ताप. यावर नेमकी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी द्यायची. उरलेल्या गोळ्यांच्या पाकिटातली गोळी शोधून घेणं बरोबर नाही.

आता काळजीचं. रक्त गडद असेल, शौचात मिसळून येत असेल, सोबत शेंबूड असेल, जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटून पुन्हा बसावं लागत असेल, तर ते मोठ्या आतड्यातून किंवा गुदाशयातून येत असू शकतं. तिथली गाठ, कॅन्सर किंवा आतड्यांची जुनी सूज अशी लक्षणं दाखवते. शौचाची जाडी कमी होऊन ते सतत बारीक येत असेल तर तेही सांगावं.

डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं शौच म्हणजे रक्त वरून, जठरातून येतंय आणि खाली येईपर्यंत काळं पडलंय. आपल्याकडे याचं एक कारण घरोघरी सापडतं: अंगदुखीच्या गोळ्या. ऊसतोडीला, खुरपणीला जाणारी माणसं दुकानातून सुटी गोळी घेऊन उपाशीपोटी खातात, महिनोन्महिने. त्याने जठरात व्रण होतो आणि आतल्या आत रक्त जातं. काळं शौच आणि सोबत चक्कर, घाम, रक्ताची उलटी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

घाबरून जाऊ नये म्हणून हेही सांगायला हवं की लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होतं. आरोग्य केंद्रातून गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळ्या यामुळे कित्येकींनी बंद केल्यात. बंद करायचं कारण नाही. आदल्या दिवशी बीट खाल्लं तर लालसर होतं, तेही रक्त नव्हे.

रक्त दिसत नाही, पण कमी होतंय

हा भाग कमी लोकांना माहीत आहे. आतड्यातली गाठ उजव्या बाजूला असेल तर रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. ते थोडं थोडं झिरपतं आणि शौचात मिसळून जातं. माणसाला दिसतो तो फक्त थकवा. चेहरा पांढरा पडतो, जिना चढताना धाप लागते, काम होत नाही.

गावात यावर ठरलेला उपाय म्हणजे 'ताकदीची बाटली'. सलाईन चढवलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. सलाईनमध्ये रक्त वाढवण्यासारखं काही नसतं, मीठ-साखरेचं पाणी असतं ते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी निघतं. पुरुषात १३ च्या खाली आणि गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात.

पाळी सुरू असलेल्या बाईचं रक्त कमी असण्याला पाळी, बाळंतपण, खाण्यातली आबाळ अशी कारणं असतात. पण पुरुषाचं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी होऊन रक्त घटलं असेल तर ते जातंय कुठे, हे शोधावंच लागतं. नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. जंत, जठरातला व्रण, मूळव्याध, आतड्यातली गाठ, यातलं काहीही असू शकतं. अशा रुग्णाने डॉक्टरांना सरळ विचारावं की, रक्त वाढवायचं औषध द्या, पण कमी कशामुळे झालं?

क्षय पोटातही होतो

क्षय म्हटलं की खोकला, असं डोक्यात बसलंय. आपल्या देशात आतड्याचा क्षयही होतो. पोटात, विशेषतः उजवीकडे खाली, राहून राहून दुखतं, कधी जुलाब तर कधी कोंडतं, संध्याकाळी कणकण येते, भूक मरते आणि वजन उतरतं. खोकला नसला तरी हे होऊ शकतं. उपचार किमान सहा महिन्यांचा आहे आणि औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात. लक्षणं कॅन्सरसारखीच असल्यामुळे अंदाजाने औषध सुरू करण्यापेक्षा तपासून घेणं बरं.

याच्या उलट काही जणांचं पोट वर्षानुवर्षं कुरकुरतं. काळजी केली, परीक्षा आली, कोर्टाची तारीख आली की पळावं लागतं, जाऊन आलं की दुखणं थांबतं. वजन तेवढंच, रक्त नाही, रात्री झोपेतून उठावं लागत नाही. हा आतड्याच्या संवेदनशीलतेचा त्रास. त्याने जीव जात नाही, पण माणूस वैतागतो. त्यालाही उपचार आहेत. साखरेच्या काही गोळ्यांनीही पोट पातळ होतं, तेव्हा चालू असलेल्या औषधांची पाकिटं डॉक्टरांना दाखवायला न्यावीत.

रात्रीच निघायचं ते कधी

पोट फुगलं, उलट्या होतायत, शौच नाही आणि वाराही सरत नाही, तर आतड्याला पीळ किंवा अडथळा असू शकतो. जांघेतला हर्निया अडकून दुखायला लागला, आत जाईना, तर तेच. बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, चालताना तिथे झटका बसतो, ताप आला, तर अपेंडिक्सची शंका धरतात.

अशा वेळी घरात दोन गोष्टी हमखास होतात आणि दोन्ही घातक आहेत. एक, पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचं औषध पाजणं. दुसरी, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं. आतडं अडलेलं असताना किंवा अपेंडिक्स सुजलेलं असताना यामुळे ते फुटू शकतं. तोंडाने काही न देता १०८ ला फोन करावा.

लहान मुलाचं वेगळं. तान्हं बाळ थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी घेतंय, मधेच निपचित पडतंय आणि शौचाला लाल जेलीसारखं झालं, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. यात तासांचा हिशोब असतो. साध्या जुलाबात मात्र धोका असतो तो अंगातलं पाणी जाण्याचा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायचं, पेल्यात थोडं थोडं टाकत बसायचं नाही. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. डोळे खोल गेले, बाळ पीत नाही, लघवी होत नाही, की लगेच केंद्रात न्यायचं.

डॉक्टर काय करतात, त्याची भीती

बरेच जण दाखवत नाहीत ते तपासणीच्या लाजेने. बायांचं तर विचारूच नका. कित्येकींनी हे दुखणं नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं. दिवसभर रानात आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात, त्याने पोट कोंडतं, कुंथावं लागतं आणि त्रास वाढतो. तपासताना बाई डॉक्टर किंवा नर्स सोबत असावी, असं सांगण्याचा त्यांना हक्क आहे. बोलायला अवघड वाटलं तर आशाताईंना सोबत नेता येतं.

बोटाने तपासणी अर्ध्या-एक मिनिटाची असते. त्याआधारे डॉक्टर ठरवतात, इथेच भागतंय की पुढे पाठवायचं. पुढची मोठी तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी पातळ आहार, मग आतडं धुऊन निघेल असं जुलाबाचं औषध, आणि दुसऱ्या दिवशी बोटाएवढ्या जाडीची, पुढे कॅमेरा असलेली लवचीक नळी. साधारण अर्धा तास लागतो. गुंगीचं इंजेक्शन देतात. सगळ्यात कंटाळवाणं असतं ते आदल्या रात्रीचं संडासला पळणं, असं ही तपासणी करून आलेले लोक सांगतात.

ती करायचं मोठं कारण असं. आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी मशासारख्या छोट्या वाढीतून सुरू होतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तो मस त्याच नळीतून, त्याच वेळी काढता येतो. म्हणजे कॅन्सर होण्याआधीच थांबतो. झालेला असला तरी लवकर सापडणं आणि उशिरा सापडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार आजार आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर १०० पैकी ९० च्या आसपास रुग्ण जिवंत असतात. लिव्हर-फुप्फुसात पसरल्यावर हा आकडा १५ च्या आसपास येतो.

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही भीती गावोगाव आहे. तसं होत नाही. तुकडा तपासल्याशिवाय कोणता आजार आहे हे कळतच नाही, मग औषध कशाचं द्यायचं? दुसरी भीती पोटावर पिशवी लागण्याची. सगळ्यांना ती लागत नाही, आणि लागली तरी बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी काढता येते. कायमची पिशवी असलेली माणसंही कामधंदा करतात.

हा आजार म्हाताऱ्यांचाच, असंही नाही. आपल्याकडे चाळिशीच्या आतले रुग्णही दिसतात. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला झाला असेल तर धोका वाढतो. अशांनी लक्षणं नसली तरी चाळिशीला, किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांशी बोलावं. दारू आणि बिडी-सिगारेटनेही धोका वाढतो.

मोड पाडणाऱ्यांपासून सावध

पात्रता नसलेल्या माणसाकडून गुदद्वाराजवळ इंजेक्शन घेणं किंवा औषध लावून 'मोड पाडणं' महागात पडतं. कातडी जळते, पू होतो, आणि नंतर भाग आक्रसून शौचाचा मार्गच बारीक होतो. मग मूळव्याधीपेक्षा मोठं ऑपरेशन लागतं. आयुर्वेदात भगंदरावर क्षारसूत्राचा उपचार आहे आणि तो मान्यताप्राप्त आहे, पण तो शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडूनच. नोंदणी क्रमांकाची पाटी दवाखान्यात लावलेली असते, नसेल तर विचारायला हरकत नाही.

तपासून मूळव्याधच निघाली तर सुरुवातीच्या त्रासात साधे उपाय पुरतात. न चाळलेल्या पिठाची भाकरी-पोळी, पालेभाजी, कडधान्य, भरपूर पाणी, गरज पडली तर इसबगोल. टबात कोमट पाणी घेऊन १० ते १५ मिनिटं बसणं. कुंथायचं नाही. आणि मोबाइल संडासात न्यायचा नाही, कारण रील बघत अर्धा तास बसल्याने तिथल्या शिरांवर ताण येतो. सोनामुखीची चूर्णं रोज घेत राहणंही बरं नाही. एवढं करून दोन-तीन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे.

कुठे जायचं, खर्चाचं काय

पहिलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. बोटाने तपासणी आणि हिमोग्लोबिन तिथे होतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कोलोनोस्कोपीसाठी जिल्ह्याला किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावं लागतं, तेव्हा केंद्रातून चिठ्ठी घेऊनच निघावं. कॅन्सर निघाला तर परळचं टाटा मेमोरियल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय ही ठिकाणं आहेत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व रेशनकार्डधारक कुटुंबं येतात, पांढरं कार्ड असलं तरी. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार आहे आणि त्यात कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, शेक येतात. योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे, म्हणून आधीच्या तपासण्या सरकारी रुग्णालयात करून घेतलेल्या परवडतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फोन करून ते रुग्णालय यादीत आहे का, हे विचारून घ्यावं. रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवावीत. त्रास कधी सुरू झाला, दिवसातून किती वेळा जावं लागतं, रक्त कसं दिसतं आणि वजन किती उतरलं, हे एका कागदावर लिहून नेलं तर डॉक्टरांसमोर गेल्यावर विसरायला होत नाही.